कागद एकच, मग फाइल एवढी मोठी कशी?

"गो बाये, कागद तर एकच आसा, मगे फाइल मोठी कशी?"

कणकवली–आचरा रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. त्या दिवशी तो विचारणारे आजोबा ठिबकती छत्री दाराबाहेर टेकवून काउंटरशी उभे होते. प्लास्टिकच्या पिशवीत फेरफाराचा एक जुना कागद, आणि मोबाइलमध्ये त्याच कागदाचा फोटो. अर्जाचं पोर्टल ५०० केबीच्या वर काही घेत नव्हतं आणि फोटो होता साडेसहा एमबीचा. पुण्यातल्या नातवाने तो कुठल्याशा वेबसाइटवर टाकून ९० केबीचा करून दिला. पोर्टलने निमूट घेतला. आठवड्याने अर्ज परत आला, शेरा: 'कागदपत्र अवाचनीय'.

नातवाची चूक फाइल बारीक करण्यात नव्हती. चूक त्याच्या आधीच झाली होती. ट्यूबलाइटच्या पिवळट उजेडात, मागे फुलाफुलांची चादर घेऊन, तिरका धरून काढलेला तो फोटो होता. फाइलचं वजन आणि वाचनीयता या दोन्ही गोष्टी निम्म्याहून जास्त फोटो काढतानाच ठरतात. नंतरचं 'कम्प्रेस' (फाइल दाबून लहान करणं) म्हणजे शिळी मासळी घरी आणून धुण्यासारखं आहे. म्हणून हा लेख मी कागदापासून सुरू करते आणि कम्प्रेसवर उशिरा येते. घाई असेल त्यांनीही फोटोचा भाग वगळू नये.

वजन येतं कुठून

पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने १९९३ साली आणला. जॉन वॉर्नॉक हे त्या कंपनीचे सहसंस्थापक, कल्पना त्यांची. कुठल्याही मशिनवर उघडा, पान तसंच दिसलं पाहिजे, एवढाच हट्ट होता. २००८ पासून तो आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणजे आता एका कंपनीची मालमत्ता राहिलेला नाही. पीडीएफ हा एक डबा समजा. त्यात तीन जिन्नस असू शकतात: टाइप केलेला मजकूर, तो दाखवायला लागणारे फॉन्ट, आणि चित्रं. मजकुराला वजन जवळजवळ नसतं. मराठीत टाइप करून थेट पीडीएफ केलेला दहा पानांचा अर्ज शंभर-दोनशे केबीत बसतो. तोच अर्ज प्रिंट काढून, परत स्कॅन करून पीडीएफ केला की सहज पाच-दहा एमबी होतो, कारण आता त्यात एक अक्षरही नाही. आहेत ती अक्षरांची चित्रं.

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मशीन कागद मोजत नाही, ठिपके मोजतं. ए४ कागद ८.२७ इंच रुंद आणि ११.६९ इंच उंच. ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके घेतले, तर २४८० गुणिले ३५०८, साधारण ८७ लाख ठिपके होतात. रंगीत ठिपक्याला तीन बाइट लागतात (दहा लाख बाइट म्हणजे साधारण एक एमबी). म्हणजे न दाबलेलं एक पान २५ एमबीच्या आसपास जातं. जेपीईजी ही फोटो साठवायची नेहमीची पद्धत ते दाबून दोन-तीन एमबीवर आणते. तेच पान १५० डीपीआयला घेतलं तर ठिपके निम्मे होत नाहीत, चौथा हिस्सा होतात, कारण रुंदीही निम्मी होते आणि उंचीही. एवढं एक गणित लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

मग सरळ १०० डीपीआय का घेऊ नये? मराठीमुळे. इंग्रजी अक्षर थोडं झिजलं तरी ओळखू येतं. आपल्याकडे अनुस्वार, रफार, उकार हे सगळे एवढेसे ठिपके आणि शेपट्या. तलाठ्याच्या हातचा १ आणि ९ मुळातच भाऊ-भाऊ असतात. ठिपके कमी झाले की हिस्सा नंबर बदलतो. माझा ठोकताळा असा: छापील मराठीला १५० डीपीआय चालतं, हस्ताक्षराला २००, आणि बारीक अक्षरांच्या सामाईक सातबाऱ्याला किंवा जपून ठेवायच्या प्रतीला ३००. मोडीतला कागद असेल तर ४०० आणि तोही रंगीत, कारण तो तुम्ही नाही, पुढे कुणीतरी जाणकार वाचणार आहे.

आधी बघा, स्कॅन करायची गरज आहे का

निम्म्या लोकांना गरज नसते. महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, तो पीडीएफच असतो. डिजिलॉकरमध्ये बरीच प्रमाणपत्रं असतात. तरी लोक काय करतात? मोबाइलवर तो सातबारा उघडतात, स्क्रीनशॉट काढतात, स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर मला पाठवतात आणि म्हणतात, याची पीडीएफ करा. अहो, होती ना पीडीएफ! डाउनलोड झालेली मूळ फाइल पाठवा.

टाइप केलेल्या अर्जाचंही तसंच. सही लागते म्हणून सगळा अर्ज छापून स्कॅन करू नका. सहीचं शेवटचं पानच छापा, सही करा, तेवढंच स्कॅन करा आणि बाकीच्या पीडीएफला जोडा. जोडायला आणि पानं सुटी करायला पीडीएफसॅम बेसिक हा मोफत प्रोग्रॅम आहे, इंटरनेटशिवाय चालतो. मात्र जिथे प्रत्येक पानावर सही मागतात तिथे इलाज नाही, सगळी पानं स्कॅन करावीच लागतात.

आणि स्कॅन करायच्या आधी पोर्टलची अट वाचा. केबी की एमबी, पीडीएफ की जेपीईजी, रंगीत हवं का, सगळी कागदपत्रं एका फाइलमध्ये की वेगवेगळी. १ एमबी म्हणजे १०२४ केबी, काही ठिकाणी १००० धरतात. ५०० केबीची मर्यादा असेल तर ४५० वर थांबा. काही फॉर्ममध्ये खालचीही मर्यादा असते, ती कुणी वाचत नाही. सही '१० ते २० केबी' मागितली असेल आणि तुमची ६ केबीची झाली, तर तीही परत येते.

फोटो

दुकानात माझ्याकडे काचेवर कागद ठेवायचा फ्लॅटबेड स्कॅनर आहे, पण घरी मोबाइलवरही उत्तम काम होतं. फक्त सवयी बदलाव्या लागतात.

जागा: पडवी. घरातला दिवा नको आणि अंगणातलं थेट ऊनही नको. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला पडवीत जो सारखा, सावलीतला उजेड असतो, त्याच्यासारखा स्कॅनर नाही. पावसात तोच उजेड निळसर आणि कमी असतो, तेव्हा खिडकीशी टेबल ओढा. कागद खिडकीला समांतर ठेवा, म्हणजे तुमची सावली त्यावर पडणार नाही. फ्लॅश बंद. लॅमिनेट केलेल्या कागदावर फ्लॅश म्हणजे मधोमध पांढरा चंद्र.

खाली काय ठेवायचं, हा वरवर किरकोळ मुद्दा. पण अ‍ॅप कागदाची कड ओळखतं ती पार्श्वभूमीच्या फरकावरून. पांढऱ्या टाइल्सवर पांढरा कागद ठेवला तर ते चाचपडत बसतं. काळं किंवा गडद रेक्झिन, काळी छत्री उलगडून, जुनी काळी फाइल, काहीही चालेल. चादरीची फुलं नकोत, कारण कड चुकली की ती फुलंही फाइलमध्ये येतात आणि जेपीईजी त्यांच्यावर भरमसाट बाइट खर्च करतं. सपाट रिकामी जागा स्वस्तात दाबली जाते, नक्षी महागात पडते. डाग, सुरकुत्या, सावल्या यांचंही तसंच. म्हणजे स्वच्छ फोटो आपोआप हलका होतो.

आता आमच्याकडचा खास प्रकार: दमट कागद. जून ते सप्टेंबर कपाटातला कागद पोहून आल्यासारखा लिबलिबीत असतो, कडेला बुरशीचे काळे ठिपके. तो इस्त्री करू नका, शाई उतरते. दोन जाड पुस्तकांमध्ये कोऱ्या कागदात घालून रात्रभर ठेवा. सकाळी तो बऱ्यापैकी सपाट होतो. तरीही वळत असेल तर वर स्वच्छ काच ठेवायचा मोह होतो. ठेवा, पण कॅमेरा काचेत दिसणार नाही असा थोडा बाजूला घ्या आणि तिरपेपणा अ‍ॅपमध्ये सरळ करा. पाठपोट लिहिलेल्या पातळ कागदात मागची अक्षरं पुढे दिसतात. त्यावर तोडगा सोपा: कागदाखाली काळा कागद ठेवा. मागून परतणारा उजेड थांबतो आणि मागची अक्षरं जवळजवळ दिसेनाशी होतात. आजोबांचा फेरफार असाच होता, पाठीमागे कुणीतरी १९७० च्या दशकातला आंब्याच्या पेट्यांचा हिशेब लिहून ठेवला होता. काळा कागद घातल्यावर हिशेब गेला, नोंद उरली.

लेन्स पुसा. चिऱ्याची लाल धूळ आणि खारी हवा यांचा थर सगळ्यांच्या कॅमेऱ्यावर असतो. धोतराचा सोगा, साडीचा पदर चालेल, पण पुसा.

मोबाइल ५० किंवा १०८ मेगापिक्सेलवर ठेवू नका. साध्या १२ मेगापिक्सेलमध्ये ४००० गुणिले ३००० ठिपके मिळतात, ए४ कागद फ्रेममध्ये पूर्ण भरला तर ३०० डीपीआयच्या वरच जातं. कागद फ्रेममध्ये भरला तर, हे महत्त्वाचं. लोक चार फुटांवरून कागद, टेबल, आपले पाय असा सगळा देखावा घेतात, आणि कागदाच्या वाट्याला ठिपक्यांचा चौथा हिस्सा येतो.

फोटोची पीडीएफ

अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे: अधिकचं चिन्ह दाबा, स्कॅन निवडा, पानं एकामागून एक घ्या, एकच पीडीएफ होते. आयफोनमध्ये नोट्समध्ये तीच सोय आहे. वेगळं अ‍ॅप शोधायला जाऊ नका. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात कॅमस्कॅनर होतं. माझ्याकडे अजूनही त्याचा वॉटरमार्क असलेले कागद येतात आणि मला ते बघून काळ थांबल्यासारखं वाटतं.

स्कॅन झाल्यावर क्रम असा ठेवा: आधी कड कापा, मग सरळ करा, मग रंग ठरवा. कापण्याआधी दाबलं तर टेबलासकट दाबलं जातं. रंगाच्या बाबतीत एक गैरसमज आहे की करडं, म्हणजे मधल्या छटा ठेवून काळं-पांढरं केलं की फाइल तिसरा हिस्सा होते. न दाबलेल्या चित्राला ते खरं आहे. पण जेपीईजी रंगाची माहिती आधीच खूप छाटून ठेवतं, त्यामुळे रंगीतचं करडं केल्यावर प्रत्यक्षात थोडीशीच बचत होते. खरी मोठी बचत हवी तर निव्वळ काळं आणि पांढरं, मधली छटा नाही, असा पर्याय असतो. छापील स्वच्छ पान त्यात ३०० डीपीआयलाही पन्नास-साठ केबीत बसतं.

पण तो पर्याय सरसकट वापरू नका. जांभळा गोल शिक्का त्यात एकतर पूर्ण जातो किंवा सहीवर काळा डाग होऊन बसतो. अंगठ्याचा ठसा तर शाईचा गोळाच होतो. शिक्का, ठसा, पेन्सिलची नोंद, फिकी शाई यांपैकी काही असेल तर करडं किंवा रंगीत ठेवा.

काळ्या-पांढऱ्याचा दुसरा धोका जास्त गंभीर आहे. या प्रकारात वापरली जाणारी जेबीआयजी२ नावाची एक पद्धत पानावरची सारखी दिसणारी अक्षरं शोधते, एकाचंच चित्र साठवते आणि सगळीकडे तेच लावते. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीच्या काही वर्कसेंटर यंत्रांत यामुळे आकडेच बदलत होते. त्याच्या समोर घराचा नकाशा होता, तीन खोल्यांची तीन वेगळी क्षेत्रफळं, आणि स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या १४.१३ चौरस मीटर! इतर कागदांत ६ चा ८ झालेला सापडला. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली. पुसट दिसलं तर माणूस परत विचारतो. हे आकडे मात्र ठळक, स्वच्छ आणि चुकीचे होते. म्हणून क्षेत्र, आकार, गट नंबर असलेल्या कागदावर 'सर्वात लहान' पर्यायाला हात लावताना मी अजूनही थबकते, आणि दाबल्यावर आकडे मूळ कागदाशी बोट ठेवून ताडते.

आता कम्प्रेस

इथवर नीट आलात तर बहुतेकदा याची गरजच उरत नाही. २०० डीपीआयचं करडं पान, जेपीईजीची गुणवत्ता शंभरपैकी ६० ते ७०, की माझ्याकडे दोनशे ते पाचशे केबीत येतं. तरी जास्त होत असेल तर हा क्रम: आधी डीपीआय २०० वरून १५० करा, मग गुणवत्ता ७० वरून ५० पर्यंत आणा. गुणवत्ता ४० च्या खाली नेऊ नका. तिथे अक्षरांच्या भोवती माश्या बसल्यासारखी करडी घाण जमते आणि रफार त्यातच विरघळतो. त्यापेक्षा कमी हवं असेल तर पानं दोन फाइलमध्ये विभागता येतात का ते बघा.

संगणकावर मी पीडीएफ२४ क्रिएटर वापरते. विंडोजवर मोफत, इंटरनेटशिवाय चालतं, डीपीआय आणि गुणवत्ता आकड्यांत देता येते, आणि आकडे बदलून पुन्हा करून बघता येतं. लिनक्सवाल्यांना घोस्टस्क्रिप्ट माहीत असेलच. त्यात 'स्क्रीन' म्हणजे ७२ डीपीआय, 'ईबुक' १५०, 'प्रिंटर' ३००. मराठी कागदाला 'स्क्रीन' कधीही नको, 'ईबुक' बहुधा पुरतं.

दर वेळी मूळ फाइलपासून सुरुवात करा. दाबलेली परत दाबली की जेपीईजी आधीच्या घाणीचीही नक्कल करतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला कागद आधीच एकदा दाबलेला असतो, दोन ग्रुप फिरून आला तर त्याचा चोथा झालेला असतो. पाठवणाऱ्याला सांगा: 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. तिथे दोन जीबीपर्यंत फाइल जशीच्या तशी जाते.

वर्डमध्ये केलेल्या फाइलचं गणित वेगळं. कुठल्याही चित्रावर टिचकी मारा, चित्राच्या पट्टीवर 'कम्प्रेस पिक्चर्स' आहे. 'फक्त याच चित्राला' ही खूण काढा, १५० पीपीआय (इथे डीपीआयलाच पीपीआय म्हणतात) निवडा, आणि कापलेले भाग पुसून टाकण्याची खूण चालू ठेवा. ही खूण मला फार उशिरा कळली. वर्डमध्ये फोटो कापला तरी कापलेला भाग फाइलच्या आतच राहतो. वजन तर वाढतंच, शिवाय आधार कार्डाचा कापून टाकलेला नंबर दुसऱ्याला परत उलगडता येतो. मग 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये पीडीएफ आणि 'मिनिमम साइज'. लिबरऑफिसमध्ये पीडीएफ एक्स्पोर्ट करताना जेपीईजीची गुणवत्ता आणि चित्रांचा डीपीआय दोन्ही विचारतात.

तयार मराठी पीडीएफ मात्र लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडून परत सेव्ह करू नका. जोडाक्षरं सुटी होतात, वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात.

सहीच्या चित्राबद्दल दोन वाक्यं. कोऱ्या, रेघा नसलेल्या कागदावर ठळक पेनने सही, आणि फोटो सहीच्या अगदी जवळून कापलेला. लोक सगळा कागद ठेवतात आणि मग २० केबीसाठी त्याची चाळणी करतात. नीट कापलेली सही न कुस्करता दहा-पंधरा केबीत बसते.

ज्या फाइलला हात लावायचा नाही

डिजिटल सहीचा सातबारा, ई-आधार, डिजिलॉकरचं प्रमाणपत्र. डिजिटल सही म्हणजे पानावरचं हिरव्या खुणेचं चित्र नव्हे. फाइलच्या प्रत्येक बाइटवरून काढलेलं ते कुलूप असतं. एक बाइट बदलला तरी सही तुटते. कम्प्रेस केलं, दुसऱ्या फाइलला जोडलं, 'प्रिंट टू पीडीएफ' केलं, काहीही केलं तरी तुटते. दिसायला पान तसंच राहतं, म्हणून कळत नाही. एका ग्राहकाचं बँकेचं काम महिनाभर यावरून अडलं. सातबारा खराच होता, पण पासबुकासकट एक फाइल करताना सही गेली होती. तेव्हापासून मी विचारते: डिजिटल सही तपासणार आहेत की नुसता कागद बघणार आहेत? तपासणार असतील तर फाइल जशी आली तशी, एकटी. सुदैवाने त्या मुळातच हलक्या असतात.

ई-आधार पासवर्डने बंद असतं: नावाची पहिली चार रोमन मोठी अक्षरं आणि जन्मसाल. पोर्टलं पासवर्डची फाइल घेत नाहीत. क्रोममध्ये पासवर्ड टाकून उघडा आणि प्रिंटमधून पीडीएफ म्हणून सेव्ह करा. यात सही जाते, पण बहुतेक फॉर्मना ती नकोच असते. पूर्ण नंबर द्यायची गरज नसेल तिथे मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. नंबरावर पीडीएफमध्ये काळी पट्टी ओढून भागत नाही. पट्टीखालचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की नंबर परत हजर.

याच कारणाने आधार, पासबुक, पॅन असल्या फाइल मी 'मोफत कम्प्रेस करा' म्हणणाऱ्या वेबसाइटवर टाकत नाही. तिथे फाइल दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते, मग काम होऊन परत येते. भजनी मंडळाचं पत्रक टाका खुशाल.

स्मरणिकेची गोष्ट

पत्रकावरून आठवलं. गेल्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या देवस्थानाची स्मरणिका माझ्याकडे आली: ६४ पानं, १४८ एमबी. मुंबईतल्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर टाकायची होती. टाकलीही होती, पण वाडीतल्या लोकांना ती उतरेना. आमच्याकडे रेंज घराच्या एका कोपऱ्यात असते आणि तीही संध्याकाळी सगळ्यांना पुरत नाही.

ती फाइल छापखान्यासाठी केलेली होती. चित्रं ३०० डीपीआयची, छपाईच्या चार रंगांतली, कडेला कापण्याच्या खुणा, आणि एका जाहिरातीत अख्ख्या आंब्याच्या बागेचा ड्रोनने काढलेला फोटो, जो पानावर आगपेटीएवढा दिसत होता. तो एकटाच ३० एमबीचा. पडद्यासाठी यातलं काहीच लागत नाही. मी स्मरणिकेची पानं मांडणाऱ्या डीटीपीवाल्याला फोन करून पडद्यासाठीची वेगळी प्रत मागितली: चित्रं १५० डीपीआय, पडद्याचे रंग, खुणा काढलेल्या. तो म्हणाला, "ताई, तुम्हीच करा ना कम्प्रेस." मी केलं असतं, पण मूळ मांडणीतून काढलेली प्रत नेहमी जास्त स्वच्छ येते, कारण तिथे अक्षरं अक्षरंच असतात. त्याने काढून दिली, ११ एमबी झाली.

त्यातही एक गाठ होतीच. मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या मशिनवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये होता. असा फॉन्ट पीडीएफच्या आत घातला नाही तर दुसऱ्याच्या मोबाइलवर देवाच्या नावाऐवजी रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो. त्या भीतीने पुष्कळ डीटीपीवाले अक्षरांच्या आकृत्या करून टाकतात. दिसतं ठीक, पण मग देणगीदारांच्या यादीत आपलं नाव शोधता येत नाही, आणि चाकरमानी पहिलं तेच शोधतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. नवीन काम मंगल, कोकिळा, नोटो असल्या युनिकोड फॉन्टमध्येच करून घ्या.

ईमेलने पाठवायची असती तर? जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण ईमेलला जोडताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणून १८ एमबीच्या आत ठेवलेली बरी.

पाठवण्यापूर्वी

नाव रोमन अक्षरांत, छोटं, मोकळी जागा न सोडता आणि मध्ये टिंबं न देता ठेवा. काही पोर्टलं देवनागरी नाव बघून कारण न सांगता फाइल नाकारतात. मग फाइल दुसऱ्या मोबाइलवर उघडा. तुमच्याच मोबाइलवर तपासलेलं तपासलेलं नव्हे. पानं मोजा, एखादं उलटं नाही ना बघा, आणि सगळ्यात बारीक अक्षर शोधून ते मोठं करून वाचा. मी नेहमी फेरफाराचा नंबर आणि तारीख वाचते. तिथे अडखळले तर परत पडवीत.

आजोबांचा कागद आम्ही असाच परत काढला. २०० डीपीआय, करडा, ४१० केबी. या वेळी अर्ज परत आला नाही.

राहता राहिली मूळ प्रत, म्हणजे ३०० डीपीआयची, न दाबलेली, मोठी. लोक काम झालं की ती पुसतात आणि पुढच्या फॉर्मला परत कागद बाहेर काढतात. पुसू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या पुरात लोकांचे कागद चिखल झाले. तेव्हा मेलमध्ये पडलेली एखादी जुनी स्कॅन प्रतसुद्धा मोलाची ठरते. ती दोन ठिकाणी ठेवा, एक ड्राइव्हवर आणि एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे पेनड्राइव्हमध्ये. पेनड्राइव्ह वर्षातून एकदा लावून बघा, वापराविना पडलेला कधी बंद पडेल सांगता येत नाही. मी गणपतीच्या आधी बघते, कारण चाकरमानी उतरतात आणि प्रत्येकाला आपल्या हिश्श्याचा कागद त्याच आठवड्यात हवा असतो.